शनिवारची परीक्षा

मारिएनबर्ग, कॅन्सस
रविवार, २७ नोव्हेंबर १९८८

प्रिय मॅक्सीन,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. आपल्यातलं कोणी गेलेलं नाही.

आई गेल्यापासून आपण एकमेकींना नाताळचं कार्ड पाठवतो आणि खाली नुसती नावं लिहितो. माझा लिओ गेला त्या वर्षी तू नावाच्या वर दोन ओळी लिहिल्या होत्यास. आज मी चार पानं लिहिणार आहे, कारण इथे ज्याला सांगायला जावं तो आधीच कुठल्या तरी बाजूचा झालेला असतो. तू या गावापासून लांब आहेस, आणि माझ्यापासूनही. तुला सांगता येईल.

सकाळी मी अजून शाळेची पिवळी बस चालवते. संध्याकाळी आणि शनिवारी कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मुलांना सामन्यांना घेऊन जाते. त्यांच्यात वेन्डेल मेटोयर नावाचा मुलगा आहे, लुइझियानाचा, एकोणीस वर्षांचा. दारातून आत यायला त्याला वाकावं लागतं. मागे बसला की त्याला मळमळतं, म्हणून पहिल्या दिवसापासून तो माझ्या पाठीमागच्या सीटवर बसतो. दोन वर्षांत आम्ही रस्त्याकडे बघत जे बोललो, ते समोरासमोर बसून बोललोच नसतो.

या मुलांना काही द्यायचं नाही, हे मला कोच ऑनस्टॅडनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. कॉलेजशी संबंध असलेल्या कोणी खेळाडूला असं काहीही द्यायचं नाही, जे बाकीच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. जेवण नाही, कोट नाही, गाडीतून सोडणंही नाही. शिवाय पूर्ण स्कॉलरशिप असली की वर्ग चालू असताना नोकरीही करायची नाही. नियम उगाच केलेला नाही. मोठी कॉलेजं मुलांना मोटारी देऊन पळवतात, कुठे कुठे तर घरं सुद्धा. ते थांबवायला नियम केला, आणि तो आमच्या बसपर्यंत येऊन पोचला.

तर सोळा तारखेला वेन्डेलची आई गेली. ओडील तिचं नाव. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथेच कोसळली. शुक्रवारी सकाळी मी बस झाडत होते, तर हा आला आणि आपल्या सीटवर बसला.

“तू अजून इथे कसा?”

“उद्या परीक्षा आहे, मिस लोरीन.” त्यांच्याकडे वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात.

“कसली परीक्षा?”

“इतिहासाची.”

“शनिवारी?”

तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

“भाड्याला पैसे नाहीत,” तो खालीच बघत म्हणाला. “बहिणीकडेही नाहीत, शवपेटीचं सगळं तिनंच बघितलं. आणि हे कोणाला सांगितलं तर कोणीतरी देईल. दिलं तर मला घेता येत नाही. मग मी नको म्हणायचं, त्यांना वाईट वाटणार, मलाही वाटणार. त्यापेक्षा परीक्षा बरी.”

मी झाडू तिथेच टाकला आणि कोचकडे गेले.

“परीक्षा नाही हे मला कळत नाही असं वाटतं का तुला?” कोच म्हणाला. “माझी गाडी बाहेर उभी आहे, टाकी भरलेली. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सोडलं तरी त्याचा सीझन जाईल आणि माझी नोकरी. खेळाच्या संघटनेकडे परवानगी मागितली आहे. सोमवारी कळवतो म्हणाले.”

“उद्या पुरणार आहेत तिला.”

“मला माहीत आहे, लोरीन.”

“मग मी तुझ्याकडे आलेच नव्हते.”

“मी तुला पाहिलंही नाही,” तो म्हणाला, आणि खरंच तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला.

घरी जाऊन लिओची ओल्डस्मोबील काढली आणि वसतिगृहासमोर उभी केली. वेन्डेल खाली आला, पण गाडीत बसेना.

“मिस लोरीन, हे चालत नाही.”

“चालत नाही म्हणूनच गाडी काढली आहे. बस.”

पूर्ण ओक्लाहोमा तो गुडघे छातीशी घेऊन बसला होता. सीट मागे सरकत नाही, लिओनं कधी दुरुस्त केली नाही.

मॅक्सी, ते चर्च आपल्या चर्चपेक्षा लहान आहे, पण जपमाळ तीच, गुडघे टेकायचे तेही त्याच जागी. मी शेवटच्या बाकाकडे निघाले तर त्याची फिलोमीन मावशी आली, माझा हात धरला आणि घरच्यांच्या बाकावर नेऊन बसवलं. ही कोण, कुठली, कोणी विचारलं नाही. पेटी उचलणाऱ्यांत वेन्डेल सगळ्यांत उंच. तो सरळ चालला असता तर त्याची बाजू वर गेली असती. म्हणून चर्चच्या दारापासून थडग्यापर्यंत तो गुडघे वाकवून चालला, आई कलू नये म्हणून. मी पुष्कळ मयतींना गेले आहे, असं काही पाहिलेलं नाही.

रविवारी परत आलो. सोमवारी कॉलेजच्या नियमांचं बघणाऱ्या प्रेविटचा फोन आला.

वाटेत गाडीत अजून एक बोलणं झालं, ते आज लिहीत नाही.

तुझी,
लोरीन

रविवार, ११ डिसेंबर

प्रिय मॅक्सीन,

तुझं कार्ड मिळालं. ‘मग काय झालं?’ एवढंच लिहिलंस. एवढं पुष्कळ आहे. 

कोणी चहाडी केली असं तुला वाटेल, तर तसं नाही. प्रेविटनं वेन्डेलला सहज विचारलं, घरी कसा गेलास? त्यानं सांगितलं. झालं. त्याच दिवसापासून त्याचा खेळ बंद. गेल्या मंगळवारी चौकशी होती.

आदल्या संध्याकाळी कोच माझ्या स्वयंपाकघरात येऊन टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, नियमात एक फट आहे. मुलगा कॉलेजात येण्याच्या आधीपासून घरोबा असेल तर दिलं-घेतलं चालतं. “तुझी आणि त्याच्या आईची जुनी ओळख असती तर प्रश्नच नव्हता,” तो म्हणाला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

मी एक गोष्ट रचून ठेवली. ओडील आणि मी सेंट लुईसला एका यात्रेत भेटलो, मग पत्रं लिहीत राहिलो. यात्रा खरी होती, मी गेलेही होते. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर मी वेन्डेलच्या कानात हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

“आई सेंट लुईसला कधी गेली नाही, मिस लोरीन.”

“ते त्यांना कुठे माहीत आहे?”

“ती कुठेच गेली नाही. दर वर्षी म्हणायची, तुझा सामना बघायला येणार. आता ती गेल्यावर तिला खोटं खोटं फिरवून आणायचं नाही मला.”

तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

आत तीन जण होते. प्रेविट, कॉलेजच्या वकील बाई, आणि खेळाच्या संघटनेकडून आलेला एक माणूस. तो सर्दीनं बेजार होता आणि सारखी माफी मागत होता. वाईट नव्हता. त्यानं मला विचारलं, हा मुलगा तुमचा कोण?

“मी त्याची बस चालवते.”

“त्याच्या कुटुंबाशी आधीची ओळख?”

वेन्डेल माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाही,” मी म्हटलं.

“मग तुम्ही त्याला इतक्या लांब का नेलंत?”

“त्याची आई गेली होती.”

“हो, ते आलं त्यात. पण तुमचं कारण काय?”

“हेच.”

त्यानं नाक पुसलं. मग म्हणाला, याआधी कधी काही दिलं होतं का, खाण्याबिण्याचं?

आता खरं बोलायला सुरुवात केलीच होती. “बीरॉक,” मी म्हटलं. “आमच्या आईच्या पद्धतीचे भरलेले बन. कोबी जास्त, खिमा कमी.”

“साधारण किती?”

“बन कोण मोजतं?”

वकील बाई हसायला लागल्या आणि खोकल्यासारखं करून थांबल्या. वेन्डेल म्हणाला, “मी मोजले नाहीत, सर. पण मागून पण घेतलेत.” या मुलाला गप्प बसता येत नाही.

शुक्रवारी निकाल आला. प्रवास, जेवण, बीरॉक, सगळ्याची किंमत धरून तेवढी रक्कम वेन्डेलनं कुठल्या तरी धर्मादाय कामाला द्यायची. दिली की खेळायला मोकळा. ती त्याची स्वतःची हवी, कोणी दिलेली नको. आणि वर्ग चालू असताना कमवायचंही नाही. म्हणजे नाताळच्या सुट्टीपर्यंत थांबणं आलं. तोवर जे सामने जातील ते गेले.

आणि मी वर्षभर संघाच्या मुलांपासून लांब राहायचं. बस चालवायची नाही, जिममध्ये यायचं नाही, बोलायचं नाही. प्रेविट हे सांगताना उभा राहिला होता. मी त्याला विचारलं, रस्त्यात दिसला तर हात हलवलेला चालेल का? त्यानं हातातले कागद चाळले. मग म्हणाला, “हात हलवा, मिसेस स्टाब.”

तुझी,
लोरीन

रविवार, १८ डिसेंबर

प्रिय मॅक्सीन,

या खेपेला तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. बघत बसले असते तर हे लिहायचा धीर झाला नसता.

सुट्टी लागली. वेन्डेल गावच्या धान्यकोठारात कामाला लागला आहे, बुच वर्थच्या हाताखाली. ज्वारीची धूळ कशी खाजते ते तुला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांना जेवढी मजुरी तेवढीच त्याला, वर एक नाणं नाही. प्रेविट स्वतः येऊन बघून गेला. गावच्या बायकांना त्याला डबाही पाठवता येत नाही. तो आपला पाव विकत आणतो आणि वजनकाट्याजवळ बसून खातो.

पण मॅक्सी, बोलण्यावर नियम नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. आता धान्य नसलं तरी म्हातारे शेतकरी ट्रक घेऊन कोठारावर जातात. बुच सांगत होता, एक येतो, थंडीबद्दल बोलतो, मग टायरला लाथ मारत म्हणतो, माझी आई गेली तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. मग दुसरा येतो. बुच म्हणतो, “लोरीन, ज्यांनी पन्नास वर्षांत बायकोशी एवढं बोलणं केलं नाही, ते माझ्या काट्यावर उभे राहून आईबद्दल बोलताहेत. माझं काम खोळंबतंय.” पण तो त्यांना हाकलत नाही.

मी रोज तिथून गाडी नेते. मला त्या रस्त्याला काही काम नसतं. तो फावडं खाली ठेवून हात हलवतो.

आता ते गाडीतलं बोलणं.

टेक्सासची हद्द लागली तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते. मी म्हटलं, तू निघालास हे बरं केलंस. माझी बहीण आईच्या मयतीला आली नाही. फुलं पाठवली. नोकरीतून सुट्टी मिळाली नाही म्हणाली.

त्यानं विचारलं, “काय करतात त्या?”

“तेव्हा टूसॉनला एका हॉटेलच्या लाँड्रीत होती. चादरींना इस्त्री.”

“नवरा?”

“तो आधीच सोडून गेला होता.”

आम्ही एका ट्रकच्या मागे अडकलो होतो. ओलांडायला जागा मिळेना. वेन्डेल खिडकीबाहेर बघत म्हणाला,

“मग त्यांचीही परीक्षाच असणार, मिस लोरीन.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्याला वाटलं टायर गेला. तो उतरून चारी चाकं बघून आला, आणि मी आत स्टिअरिंग धरून बसले होते.

तुला फोनवर मी काय बोलले होते ते तू विसरली नसशील, मीही नाही. मी म्हटलं होतं, फुलांना रडता येत नाही, मॅक्सीन. एवढं बोलून मी फोन ठेवला. तुझं काही ऐकून घ्यायला थांबलेच नाही.

तो मुलगा बरोबर बोलला का? चुकीचं असेल तरी सांग. बरोबर असेल तर काहीच लिहू नकोस, नुसतं कार्ड पाठव. मी समजेन.

तुझी,
लोरीन

रविवार, १ जानेवारी १९८९

माझी मॅक्सी,

कार्डाऐवजी तुझा आवाज आला. नाताळच्या दुपारी, बटाटे उकळत होते तेव्हा. मी फोनवर नीट बोलू शकले नाही, म्हणून हे लिहिते आहे. तू बोलत होतीस आणि मी नुसतं हो हो करत होते. तुला वाटलं असेल मी ऐकत नाही. बटाटे करपून गेले, मला वासही आला नाही, एवढं ऐकत होते.

तू कोट घालून बसस्टँडवर गेली होतीस. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं, कमी पडतात म्हणून, मोजून परत दिलेले पैसे तू मुठीत धरले होतेस. बस सुटेपर्यंत तू बाकावर बसून राहिलीस, कोणी ओळखीचं दिसेल म्हणून. आणि फुलवाली मात्र ओळखीची होती, नंतर दे म्हणाली. फुलं उधार मिळाली, तिकीट मिळालं नाही. आणि त्या फुलांवरून मी तुला बोलले.

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, आणि विचारताच मला उत्तर कळलं. सांगितलं असतंस तर मी पैसे पाठवले असते, आणि मग सगळ्या गावाला सांगितलं असतं की मी पाठवले. मी तशी होते. लिओ म्हणायचा, लोरीन उजव्या हातानं देते आणि डाव्या हातानं घंटा वाजवते.

एक गोष्ट मी फोनवर सांगितली नाही. आईनं शेवटच्या दिवसांत तुझं नाव घेतलं होतं. तक्रार म्हणून नव्हे. नर्स तिची चादर बदलत होती, तर ती म्हणाली, “माझ्या धाकटीला सांगा, तिच्यासारखी घडी कोणाला जमत नाही.” मी हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मी तिथे रोज जात होते आणि माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. आता सांगते. ते तुझं आहे.

वेन्डेलनं आपली रक्कम भरली. कुठल्या कामाला द्यायची ते त्यानं स्वतः ठरवलं. आपल्या चर्चच्या बायका मयतीनंतरचं जेवण करतात ना, त्या मंडळाला. प्रेविटनं दोन दिवस नियम चाळले, शेवटी चालेल म्हणाला. फादर अलॉइसनी प्रार्थनेनंतर सांगितलं, एका तरुणाकडून देणगी आली आहे. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, कारण तो तरुण शेवटच्या बाकावर बसला होता आणि बसलेला असूनही सगळ्यांच्या वर दिसत होता.

बायकांनी त्यातून शेवयांसाठी मोठं पातेलं घेतलं. जुन्याचं बूड गळायचं.

दहा तारखेला तो परत खेळेल.

तुझी,
लोरीन

रविवार, १२ फेब्रुवारी

माझी मॅक्सी,

आधी वेन्डेलचं सांगते, म्हणजे तू फोनवर विचारणार नाहीस आणि आपण दुसरं काही बोलू. पहिल्या सामन्यात त्यानं घाईघाईत चुका केल्या आणि त्याला लवकर बाहेर बसवलं. मी रेडिओसमोर बसून त्याला रागावत होते. पुढचे सामने बरे गेले. संघ काही जिंकणार नाही या वर्षी, तो नव्हता ते सामने आधीच गेले. कोच म्हणतो, जाऊ दे. नवीन बसचालक खड्डे चुकवत नाही, असं ऐकते. वेन्डेल अजून पुढच्याच सीटवर बसतो आणि त्याला रस्ता सांगतो.

त्याच्या बहिणीचं, सेलेस्टचं, मला पत्र आलं. मी तिला उत्तर लिहावं का, हे प्रेविटला विचारायला गेले. तो म्हणाला, तिच्याशी बोलायला हरकत नाही, ती खेळाडू नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाला, “माझे वडील गेले तेव्हा मी सैन्यात होतो. मला कोणी नेलं नाही.” मी त्याच्या टेबलावर बीरॉक ठेवून आले. त्याला कोणीही काहीही दिलेलं चालतं, मी खात्री करून घेतली.

आता तुझं. तिकीट या पाकिटात आहे. तू रागावशील हे मला माहीत आहे. रागाव, पण ये. मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. फादर अलॉइसनाही नाही. बस तेवीस तारखेला, गुरुवारी दुपारी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबते. कोट जाड आण, टूसॉनचा कोट इथे फडक्यासारखा वाटेल. तुझ्या झाडाची ग्रेपफ्रूट आणायची असतील तर आण, म्हणजे तुझ्याही मनाला बरं वाटेल. मी आता जाडी झाले आहे आणि केस पांढरे झाले आहेत. शोधत बसू नकोस, मीच तुला ओळखीन.

शुक्रवारी आईकडे जाऊ. दगडाच्या डाव्या बाजूला जागा आहे, तिथे वारा लागत नाही. तुला एकटीला थांबायचं असेल तर मी गाडीत बसेन.

शनिवारी या वर्षीचा इथला शेवटचा सामना आहे. मला आत जाता येत नाही. पण तू तिकीट काढून जाऊ शकतेस, कोणी अडवणार नाही. तू आत जा, मी जिमबाहेर गाडीत रेडिओ लावून बसते. रेडिओवर त्यानं किती गुण केले ते सांगतात, पण तो वाळला आहे का, आणि हसतो का, ते सांगत नाहीत. ते तू नीट बघून ये. सामना संपला की लोक खाली उतरून खेळाडूंशी हात मिळवतात. तूही मिळव. त्याला काही देऊ नकोस, ग्रेपफ्रूटसुद्धा नाही. नुसतं तुझं नाव सांग.

मी गाडीचं हीटर चालू ठेवते.

तुझी बहीण,
लोरीन